भातशेतात नऊ, राईत सात: मग बेडूक जास्त कुठे?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. सावंतवाडीजवळच्या तुमच्या गावात तुम्ही आणि तुमची पुतणी जूनपासून ऑगस्टअखेर रात्री बॅटरी घेऊन फिरलात आणि चार ठिकाणी बेडकांच्या जाती मोजल्यात. भाताच्या मळ्यात नऊ मिळाल्या, काजू-आंब्याच्या बागेत चार, गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सहा आणि देवराईतल्या व्हाळावर (ओढ्यावर) सात. आता गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत हे लिहायचं आहे. समितीतले एक काका म्हणतात, ‘‘शेतात सगळ्यात जास्त आहेत, तर शेतच लिहा. सडा सातबाऱ्यावर पोटखराब आहे, तो कशाला लिहायचा?’’ त्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलं आहे.

काकांचा राग मानू नका. माझ्या पहिल्या चार-पाच पावसाळ्यांत मीही असेच आकडे लिहायचो. गेली एकोणीस वर्षं दोडामार्ग, आंबोली, चोर्ला या पट्ट्यात उभयचरांची पाहणी करतो आहे, आणि आता कुणी मला नुसता ‘‘नऊ विरुद्ध सात’’ असा हिशेब दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो: कोणते नऊ? तुमच्या समितीपुढचा खरा प्रश्नही हाच आहे. उद्या हा सडा चिऱ्यासाठी खणला गेला, किंवा सुरुंग लावून खड्डे पाडून, बाहेरची माती भरून त्यावर कलमं लावली गेली, तर गावातून असा कोणता बेडूक जाईल जो बाकीच्या तीन जागांत परत सापडणार नाही? हाच प्रश्न राईबद्दल विचारा, बागेबद्दल विचारा. मग आकडे वेगळे दिसायला लागतात.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमचा सडा किती उंचीवर आहे, त्याला जंगल लागून आहे की चारही बाजूंनी बागा आल्या आहेत, बागेत फवारणी किती होते, व्हाळ डिसेंबरपर्यंत वाहतो की गणपतीनंतर आटतो, यावर उत्तर बरंच बदलतं. आंबोली तुमच्यापासून तीसेक किलोमीटर असेल. पण ती जवळपास सातशे मीटर उंचीवर आहे आणि तिथला पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. त्यामुळे आंबोलीच्या यादीतला एखादा बेडूक तुमच्याकडे मिळाला नाही म्हणून तुमचा सडा हलका ठरत नाही. सखल सडे आणि घाटमाथ्यावरचे सडे ही वेगळी घरं आहेत.

आता मी कसा विचार करतो ते सांगतो. माझ्याबरोबर नवीन मुलं आली की पहिल्या रात्री एवढंच सांगतो: बेडूक बसलाय कुठे हे नंतर बघू, अंडी कुठे आहेत ते शोधा. मोठा बेडूक काय, कुठेही भेटतो. पावसात देवळाच्या पायरीवर बुलफ्रॉग बसलेला असतो, न्हाणीघरात घंगाळामागे झाडबेडूक चिकटलेला असतो. म्हणून देऊळ किंवा न्हाणीघर हा त्यांचा अधिवास होत नाही. बेडकाला बांधून ठेवते ती त्याच्या अंड्यांची गरज. आणि आपल्याकडचे बेडूक अंड्यांच्या बाबतीत इतके वेगवेगळे आहेत, की ही एक गोष्ट कळली तरी अर्धं काम झालं.

शाळेत आपण शिकलो ते चित्र साचलेल्या पाण्याचं: पाण्यात अंडी, त्यातून टॅडपोल, मग शेपूट गळून बेडूक. हे चित्र साध्या टोडला म्हणजे भेकाला लागू पडतं. त्याची अंडी जेलीच्या लांबच लांब दोऱ्यांत, काळ्या मण्यांच्या माळेसारखी असतात. मायक्रोहायला, म्हणजे नखाएवढा पण आवाज मोठ्या बेडकाचा काढणारा तो चिमुकला, याची अंडी पाण्यावर पातळ साय धरल्यासारखी पसरतात. बुलफ्रॉग, पाण्यावरून उड्या मारत पळणारा युफ्लिक्टिस, शेतातले छोटे मिनर्वार्या या सगळ्यांना साचलेलं पाणीच लागतं. विहिरीत बहुधा हा युफ्लिक्टिसच असतो. ‘कूपमंडूक’ म्हणून आपण ज्याची टिंगल करतो तो बिचारा पावसाळ्यात कुठकुठे पोचतो हे एकदा बघायला हवं.

झाडबेडकांचं वेगळं. पॉलिपिडेट्स, तोच न्हाणीघरातला, पाण्याच्या वरच्या बाजूला फेसाचं घरटं करतो. टाकीच्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या पिंपाच्या काठावर पांढरा फेस तुम्ही पाहिला असेल. हिरवागार मलबारी उडता बेडूक तसाच फेस पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पानं ओढून घेऊन करतो, आणि टॅडपोल तयार झाले की टपाटपा खाली पाण्यात पडतात. म्हणजे याला पाणीही हवं आणि त्या पाण्यावर ओणवलेलं झाडही हवं. झाड तोडून विहीर तशीच ठेवलीत तरी तो गेला.

आणखी पुढे चला. इंडिराना गटातले बेडूक ओल्या खडकावर अंडी घालतात आणि त्यांचे टॅडपोल पाण्यात पोहतच नाहीत. कातळावरून पाण्याचा पातळ पदर झिरपत असतो ना, त्या पदरात ते चिकटून राहतात आणि शेपटीच्या झटक्याने उड्या मारतात. आंबोलीतून 2014 साली नोंदवलेल्या एका जातीचं नावच ‘चिरावासी’ आहे. हे टॅडपोल पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते कसले तरी किडे वाटले होते. व्हाळावरचे निक्टिबॅट्रॅकस, सुरकुतलेल्या अंगाचे रातबेडूक, यांच्यातले काही वाहत्या पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी चिकटवतात. कोयनेच्या बाजूला हुंबरळी गावाजवळ यांच्यातल्या ‘हुमायुनी’ या जातीवर रात्र-रात्र बसून काम झालं आणि 2016 साली ते प्रसिद्ध झालं. त्यात मिलनाची एक अशी पद्धत नोंदली गेली जी तोपर्यंत जगात कुठल्याच बेडकात माहीत नव्हती. नर मादीला धरतच नाही, तिच्यावर नुसता ओणवा होतो आणि तो उतरल्यानंतर मादी अंडी घालते. या जातीत मादीसुद्धा आवाज देते.

आणि शेवटी झुडूपबेडूक, राऑर्चेस्टिस. यांना तळं, डबकं, व्हाळ काहीच लागत नाही. ओलसर पातेऱ्यात, म्हणजे जमिनीवर साचलेल्या पाल्यात, किंवा पानांत थोडी अंडी घातली जातात आणि टॅडपोलची सगळी अवस्था अंड्याच्या आतच पार पडते. बाहेर येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा तयार बेडूक. या व्यवस्थेला फक्त एक गोष्ट हवी असते: जमीन आणि झाडोरा आठवडेच्या आठवडे ओला राहिला पाहिजे. ऊन थेट जमिनीवर पडलं, पातेरा झाडून जाळला, की अंडी वाळली. यांचाच भाऊबंद ‘सुडोफिलॉटस आंबोली’ आहे. त्याच्या गटातल्या बहुतेक जाती श्रीलंकेत आहेत आणि मोजक्या आपल्या सह्याद्रीत.

हे डोक्यात ठेवून आता तुमच्या याद्या वाचू.

भातशेत. नऊ जाती मिळाल्या याचं मला आश्चर्य नाही. पाणी उघडं, बांधावरून चालता येतं, बॅटरी मारली की डोळे चमकतात, आणि तिथले सगळे गळा काढून ओरडणारे. बेडूक शोधायला याहून सोपी जागा नाही. पण तुमच्या नऊंपैकी निदान सहा जाती मला पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातही भेटल्या आहेत: भेक, बुलफ्रॉग, युफ्लिक्टिस, मायक्रोहायला, झाडबेडूक आणि जमिनीत पुरून घेणारा गोलमटोल स्फेरोथेका. ‘बहुविस्तार’ नावाची जी आणखी एक जात तुम्ही लिहिलीय, तिच्या नावातच सगळं आलं. हे कुठेही संसार मांडणारे लोक. शेताला कमी लेखायचं नाही मला. त्यांच्यासाठी मळे ही मोठीच सोय आहे आणि शेतातल्या किड्यांचा फडशा तेच पाडतात. पण शेत गेलं तर गावातून यातली फारशी कुणी नाहीशी होणार नाही.

शेताची एक गोम आणखी आहे, जी मोठे बेडूक मोजून कधी कळत नाही. पहिल्या मोठ्या पावसाला मळ्यात पाणी भरतं, बुलफ्रॉगचे नर लिंबासारखे पिवळेधमक होतात, निळ्या गलपिशव्या फुगवून रात्र गाजवतात आणि अंडी पडतात. मग दहा-पंधरा दिवसांत चिखलणी. पॉवर टिलर फिरला की त्या अंड्यांचं आणि टॅडपोलांचं काय होत असेल ते सांगायला नको. लावणीनंतर पाणी स्थिरावतं तेव्हा दुसरी खेप पडते, ती बऱ्यापैकी वाचते, जर तणनाशक मारलं नाही तर. म्हणजे जूनमध्ये शेतात सर्वात जास्त बेडूक दिसतात, तेव्हाच त्यांची पिल्लं सर्वात जास्त मरत असू शकतात. तुमच्या नोंदीत टॅडपोल कुठेच नाहीत. पुढच्या वर्षी दिवसा एक फेरी मारून ते बघा.

(बुलफ्रॉगवरून आठवलं. गोव्याच्या बाजूने पहिल्या पावसात पोती घेऊन येणारे असतात, ‘जंपिंग चिकन’साठी. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 साली बंद झाली, खाणं मात्र चोरून चालू आहे. हा बेडूक कायद्याने संरक्षित आहे, हे नोंदवहीत ठळक लिहा.)

बाग. चार जाती. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. उतारावरची काजूची बाग खरोखरच बेडकांना कठीण असते. पाणी ठरत नाही, खालचं गवत काढलेलं, पातेरा गोळा करून जाळलेला. झुडूपबेडकाला हवा तो ओलावा तिथे राहत नाही आणि शेतातल्या मंडळींना हवं ते पाणीही नाही. माझ्या अनुभवात अशी बाग चारही जागांत सर्वात गरीब निघते, त्यामुळे तुमचा आकडा मला पटतो. पण बागेच्या सैल मातीत स्फेरोथेका आणि युपेरोडॉन असे पुरून राहणारे असू शकतात. मागच्या पायाच्या टाचेला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्याने ते पाठमोरे खाली जातात, आणि वर्षातल्या मोजक्या रात्री सोडल्या तर वर येतच नाहीत. त्या रात्री तुम्ही घरी असाल तर यादीत शून्य. काजूऐवजी तुमच्याकडे माड-पोफळीची जुनी बाग असती, पाटाचं पाणी, सावली, कुजता पाला असलेली, तर मी वेगळं लिहिलं असतं. अशा कुळागरांत झुडूपबेडूकही ऐकलेत मी. ‘बाग’ हा एक शब्द आहे, अधिवास दोन आहेत. नोंदवहीत वेगळे लिहा. आणि बागेत झाडांना आळी करताना गांडुळासारखा पण चकचकीत, जबडा असलेला प्राणी निघाला तर मारू नका, विषारी नसतो. ते देवगांडूळ. तोही उभयचरच, बेडकाचा बिनपायाचा भाऊबंद. ‘गेजिनिओफिस डॅनिएली’ ही त्यातली एक जात आंबोलीवरूनच 2003 साली नोंदली गेली.

सडा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण काकांचा आक्षेप याच जागेवर आहे.

सात-आठ महिने सडा मेलेला दिसतो. काळा कातळ, करपलेलं गवत, चटके. मग वळीव पडतो आणि कातळातल्या खळग्यांत वीतभर, कधी चार बोटं पाणी साचतं. हे पाणी तळ्याच्या पाण्यासारखं नाही. यात मासे नसतात, कारण ते दर वर्षी आटतं. मासे नाहीत म्हणजे अंडी खाणारा सर्वात मोठा शत्रू नाही. वर झाड नाही, त्यामुळे ऊन लागतं, पाणी कोमट होतं, शेवाळ वाढतं, टॅडपोलांना खाणं मिळतं आणि ते भराभर वाढतात. बदल्यात धोका एकच: पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की खळगा आटतो आणि सगळी पिढी कातळावर वाळते. असा जुगार खेळणारे बेडूकच इथे टिकतात. दिवसा ते सुट्या चिऱ्यांखाली, भेगांत बसतात. कातळाच्या वर दोन बोटं उचललेला सुटा दगड म्हणजे त्यांचं घर. आपण गडगा घालायला नेतो तो दगडही हाच.

या जुगारातला सर्वात नाट्यमय खेळाडू आंबोलीचा टोड, झँथोफ्राइन टायग्रिना. अंगावर वाघासारखे पिवळे-काळे पट्टे, लांबी जेमतेम अंगठ्याएवढी. विज्ञानाला तो 2009 साली वेगळी जात म्हणून माहीत झाला. त्याचा सख्खा भाऊ कोयनेकडचा, तो 1963 साली नोंदला गेला होता. दोघेही सह्याद्रीच्या या उत्तरेकडच्या भागाबाहेर जगात कुठेच नाहीत. आंबोलीच्या टोडची सगळी वीण पावसाच्या सुरुवातीच्या थोड्या रात्रींत, कातळावरच्या उथळ पाण्यात उरकते. त्या रात्रींत गेलात तर पाऊल ठेवायला जागा नसते. महिन्याने गेलात तर ‘‘इथे काही नाही’’ असं लिहून याल. आता विचार करा, अशा जागी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली फेरी मारून मिळालेल्या आकड्याला काय अर्थ आहे?

तुमचा सडा सखल आहे, तिथे हा टोड मिळेल असं मी म्हणत नाही. पण शेतातल्या बेडकासारखेच दिसणारे छोटे मिनर्वार्या सड्यांवर वेगळे निघालेले आहेत. ‘गोमंतकी’ 2015 साली, आंबोलीचा ‘सेप्फाय’ 2017 साली, ‘गोएंची’ 2018 साली. तोपर्यंत सगळे त्यांना शेतातला तोच बेडूक समजून पुढे जात होते. तुमच्या सड्याच्या सहा आणि शेताच्या नऊ या यादीत ‘छोटा मातकट बेडूक’ दोन्हीकडे आहे. तो एकच आहे हे कशावरून ठरवलंत?

माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कामासाठी मला डिसेंबरात एका सड्याची पाहणी करायला सांगितलं. तीन दिवस फिरलो, एका चिरेखाणीतल्या पाण्यात युफ्लिक्टिस आणि एक बुलफ्रॉग मिळाला. ‘‘उभयचर: दोन जाती, दोन्ही सर्वसामान्य’’ असं लिहून दिलं. वाक्य खोटं नव्हतं. पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरीला मी त्याच रस्त्याने सहज चाललो होतो. गाडी थांबवावी लागली, सडा नुसता ओरडत होता. दीड तासात अकरा जाती मोजल्या. माझा अहवाल तोवर फाइलीत बसला होता आणि त्याचा उपयोग होऊन गेला होता. तेव्हापासून पाहणीची तारीख पहिल्या ओळीत लिहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

राई आणि व्हाळ. सात जाती, आणि मला खात्री आहे की हा तुमचा सर्वात अपुरा आकडा आहे. शेतात बेडूक समोर असतो, राईत तो तीन मजल्यांवर विभागलेला असतो: पातेऱ्यात, झुडपात, आणि डोक्याच्या वर. झुडूपबेडूक दोन-अडीच सेंटिमीटरचे, पानाच्या रंगाचे. बॅटरीत डोळे सहज चमकत नाहीत. व्हाळाच्या आवाजात बारीक आवाज बुडतो. रातबेडूक दगडांच्या कपारीत बसतात, हात घातल्याशिवाय दिसत नाहीत, आणि हात घालू नये अशा जागा त्या. शेतात अर्ध्या तासात नऊ जाती मिळतात; राईत तेवढ्याच कष्टात तुम्हाला सात मिळाल्या याचा अर्थ आणखी असणार. त्या सातांतल्या किमान चार जाती तुमच्या बाकीच्या तिन्ही याद्यांत नाहीत, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, पण त्यावर थांबला नाहीत.

इथवरचं थोडक्यात: शेतात जाती जास्त दिसतात पण बहुतेक सर्वत्र मिळणाऱ्या, बाग खरंच गरीब, पण पुरून राहणारे तुमच्या नजरेतून सुटले असतील, सडा थोड्याच दिवसांपुरता बोलतो आणि तुम्ही उशिरा गेलात, राईत शोधणंच अवघड. काकांना सांगायचं ते एवढंच की चार आकड्यांची स्पर्धा लावू नका. चारही याद्या एकत्र करून गावात एकूण किती जाती होतात ते मोजा, आणि मग एकेक जागा वगळून बघा, एकूण कितीने उतरतात. शेत वगळलं तर बहुधा एक-दोनने. राई वगळली तर चारने. सड्याचं उत्तर अजून यायचं आहे, आणि ते येईपर्यंत तिथे ‘पोटखराब’ लिहून पान उलटणं मला तरी जमणार नाही. तो महसूल खात्याचा शब्द आहे, पिकाच्या दृष्टीने खरा आहे. नोंदवही पिकाची नाही.

पुढच्या वर्षी काय करायचं? फार नाही. चारही जागांना सारखाच वेळ द्या. दोन माणसं, अर्धा तास, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि दर वेळी जागांचा क्रम बदला, नाहीतर सड्याच्या वाट्याला कायम दमलेले डोळे येतात. फेऱ्या तीन हंगामात विभागा. पहिल्या जोरदार पावसानंतरच्या सलग चार-पाच रात्री कशालाही सोडू नका, लग्न असलं तरी. मग जुलैत लावणीनंतर, आणि शेवटी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, जेव्हा पिल्लं बाहेर पडतात. शून्य मिळालं तर शून्य लिहा. कोरी जागा सोडली की वर्षभराने कळत नाही, गेलो नव्हतो की मिळालं नव्हतं. पाऊस पडत होता का, थांबून किती वेळ झाला, हे लिहा. दिवसा खळगी, मळे, टाक्या यांत अंडी आणि टॅडपोल बघा. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, त्याच बाजूने.

जातीची नावं ठोकून लिहायची घाई करू नका. मिनर्वार्यांपुढे मीही आता ‘मिनर्वार्या, जात अनिश्चित’ असंच लिहितो. त्याऐवजी फोटो नीट काढा: पाठ, बाजू, पोट, मांडीच्या आतली नक्षी, पायाच्या बोटांमधले पडदे आणि बोटांची टोकं. मोबाइलवर आवाज मिनिटभर तरी रेकॉर्ड करा. या गटांत फोटोपेक्षा आवाज जास्त कामाला येतो.

दोन-तीन गोष्टी जिवाच्या. सड्यावर फुरसं असतं आणि ते दगडाखालीच बसतं. दगड नेहमी आपल्या विरुद्ध बाजूने, काठीने किंवा आकड्याने उचला, बोटांनी कधीच नाही, आणि पुतणीला तर हे दोनदा सांगा. मळ्यात गमबूट घाला, पायाला जखम असेल तर जाऊच नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) त्रास आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. हाताला ओडोमॉस किंवा तसलं काही लावलेलं असताना बेडूक धरू नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते. आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बूट घासून, धुऊन, वाळवून घ्या. बेडकांच्या कातडीला होणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात नोंदलेली आहे, आणि ती चिखलातून आपल्याच बुटांनी पसरू शकते.

यंदाच्या नोंदवहीत मात्र हातात आहे तेच लिहा. जागेनुसार याद्या, तारखा, फेऱ्यांची संख्या, आणि सड्यापुढे ‘‘पहिल्या पावसाची पाहणी बाकी’’ ही ओळ.

एक राहिलं. तुमच्या राईच्या यादीखाली बारीक अक्षरात लिहिलंय: ‘‘झुडपातून रातकिड्यासारखा टिक-टिक आवाज, दिसलं काही नाही, मोजलं नाही.’’ माझ्या मते तुमच्या सगळ्या नोंदीतली ही सर्वात मोलाची ओळ आहे. रातकिडा एका पट्टीत लांबवतो. झुडूपबेडकाचा प्रत्येक टिक सुटा असतो, पत्र्यावर टिचकी मारावी तसा, आणि मधे थोडा थांबतो. या आठवड्यातही राई ओली आहे, आज रात्री जाऊन बघा. बॅटरी बंद करून दहा मिनिटं हलू नका, तो परत सुरू होईल. मग तुम्ही एका बाजूला आणि पुतणी चार पावलं दूर अशी उभी राहा, दोघांनी आवाजाकडे बोट करा. दोन बोटांच्या रेषा जिथे मिळतात तिथे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत, पानाच्या वरच्या बाजूला बघा. गळ्याखाली बुडबुड्यासारखी फुगलेली पारदर्शक पिशवी आधी दिसेल, बेडूक मागाहून.